न जमलेला स्फटिक : अमिनो आम्लांच्या जेलची शंभर वर्षं

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून मला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न म्हणजे, "विषय कसा निवडायचा?" याचं एका ओळीचं उत्तर माझ्याकडे नाही. पण मी ज्या विषयाच्या आसपास काम करते, त्याचा इतिहास सांगितला तर तुम्हाला तुमचं उत्तर शोधायला थोडी मदत होईल असं वाटतं. हा विषय म्हणजे अमिनो आम्लांपासून बनवलेले छोटे रेणू. ते पाण्यात किंवा तेलात टाकले की आपले आपण एकमेकांना धरून तंतू बनवतात, तंतूंचं जाळं होतं आणि सगळा द्रव जागच्या जागी थिजतो. त्याचं जेल होतं.

हा इतिहास मला आवडतो तो एका कारणासाठी. १९२१ साली यातला एक उत्तम रेणू छापील स्वरूपात सगळ्यांसमोर होता. पण त्याच्याकडे नीट वळून पाहायला रसायनशास्त्राला जवळपास ऐंशी वर्षं लागली. रेणू तोच होता. त्याला विचारायचा प्रश्न मात्र कोणाकडे नव्हता. संशोधनाला निघालेल्या माणसाने ही गोष्ट सुरुवातीलाच ऐकलेली बरी.

घरातली जेलं आणि एक कोडं

जेल आपल्याला नवीन नाही. खरवस हे जेल आहे. चिकातली प्रथिनं उष्णतेने उलगडतात, एकमेकांत अडकतात आणि पाणी धरून ठेवतात. दही हे जेल आहे, तिथे हेच काम आम्लामुळे होतं. भिजवलेल्या सब्जाभोवतीचा बुळबुळीत थर, चायना ग्रासची जेली, हीसुद्धा जेलंच. या सगळ्यांत एक समान धागा आहे. पाणी धरून ठेवणारे रेणू लांबलचक आहेत, म्हणजे प्रथिनं किंवा शर्करांच्या साखळ्या. लांब दोऱ्यांचा गुंता झाला की त्यात पाणी अडकतं, हे कोणालाही पटतं.

'कोलॉइड' हा शब्द स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम यांनी १८६१ मध्ये रूढ केला, तो डिंक किंवा सरस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. त्यांनी पदार्थांचे दोन वर्ग केले. एका बाजूला स्फटिक होणारे, पडद्यातून पटकन पार जाणारे. दुसऱ्या बाजूला सरसासारखे, हळू सरकणारे, जेल होणारे. साखर आणि मीठ एका गटात, जिलेटीन दुसऱ्या गटात. ही विभागणी अनेक वर्षं टिकली आणि तिने एक समजही पक्का केला: छोटा, नेमक्या रचनेचा रेणू स्फटिक होतो, जेल होत नाही.

मग एखादा छोटा रेणू जेल झालाच तर? तर तो प्रयोग बिघडला असं समजायचं. स्फटिक मिळवायला निघालेल्या रसायनशास्त्रज्ञाच्या चंबूत थलथलीत गोळा तयार झाला, की तो गाळताही येत नाही, वाळवताही येत नाही. बहुतेक वेळा तो सिंकमध्ये जातो आणि वहीत एक शब्द लिहिला जातो: चिकट. तुम्ही एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला सेंद्रिय संश्लेषण केलं असेल, तर हा शब्द तुमच्याही वहीत कुठेतरी सापडेल.

१९२१ : मिनेसोटातला एक शोधनिबंध

रॉस एकन गोर्टनर हे अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात कृषी जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. कोलॉइड आणि प्रथिनं हा त्यांचा प्रांत. वॉल्टर हॉफमन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी १९२१ साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध छापला. विषय होता डायबेन्झॉइल सिस्टीन या रेणूचं जेल.

सिस्टीनची थोडी ओळख करून घेऊ. विल्यम हाइड वॉलस्टन यांनी १८१० साली लंडनमध्ये मूत्राशयातल्या खड्यातून हा पदार्थ वेगळा केला. सर्वांत आधी सापडलेल्या अमिनो आम्लांपैकी हे एक. त्याची रचना जोडीची आहे: दोन सारखे अर्धे भाग, मध्ये गंधक-गंधक असा दुवा. प्रत्येक अर्ध्या भागाच्या नायट्रोजनवर एक बेन्झॉइल गट बसवला की डायबेन्झॉइल सिस्टीन तयार होतं. रेणुभार साधारण ४४८. म्हणजे साखरेच्या रेणूपेक्षा थोडाच मोठा. जिलेटीनच्या तुलनेत अगदीच चिल्लर.

या रेणूचं फक्त ०.२ टक्के प्रमाण पाण्याला घट्ट करायला पुरतं, असं गोर्टनर आणि हॉफमन यांनी नोंदवलं. हा आकडा नुसता वाचून सोडू नका, हिशोब करून पाहा. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम. मोलमध्ये काढलं तर या रेणूच्या एका कणामागे पाण्याचे साधारण १२ हजार रेणू येतात. एकाने १२ हजारांना थांबवून धरायचं, आणि तेही स्वतःची लांब साखळी नसताना.

पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, वुल्फ आणि रिडील यांनी बायोकेमिकल जर्नलमध्ये याच रेणूच्या गुणधर्मांवर काम छापलं. म्हणजे निबंध अगदीच दुर्लक्षित राहिला असंही नाही. पण त्यानंतर या रेणूभोवती फारसं काही उभं राहिलं नाही.

मधली वर्षं : रेणू होते, प्रश्न नव्हता

असं का झालं असावं? मला यात तीन कारणं दिसतात.

पहिलं, काळाचा ओघ वेगळा होता. हर्मन स्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये महारेणूंची कल्पना मांडली. प्रचंड विरोधानंतर ती जिंकली आणि १९५३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. रबर, नायलॉन, प्लास्टिक. जेल समजून घ्यायचं ते लांब साखळ्यांच्या भाषेत, हे त्या यशाबरोबर ठरूनच गेलं. छोट्या रेणूचं जेल या चित्रात अपवाद म्हणून कडेला राहिलं.

दुसरं, डोळे नव्हते. या जेलमधले तंतू नॅनोमीटरच्या मापाचे असतात, साध्या सूक्ष्मदर्शकाला एकेकटे दिसत नाहीत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक १९३०च्या दशकात आला आणि प्रयोगशाळांत रुळायला आणखी वेळ गेला.

तिसरं, व्याख्याच पक्की नव्हती. डोरोथी जॉर्डन लॉइड यांनी १९२६ मध्येच म्हणून ठेवलं होतं की जेल ओळखणं सोपं, त्याची व्याख्या करणं अवघड. पॉल फ्लोरी यांनी १९७४ मध्ये जेलचे चार प्रकार मांडले, तेव्हा कुठे तंतुमय, अव्यवस्थित रचनांना यादीत स्वतःची जागा मिळाली.

गंमत अशी की याच काळात छोट्या रेणूंची जेलं उद्योगात मात्र बिनधास्त वापरली जात होती. गाडीच्या चाकाच्या बेअरिंगमध्ये भरतात ते पिवळसर ग्रीस घ्या. लिथियम ग्रीस १९४०च्या दशकात आलं. एरंडेल तेलापासून मिळणाऱ्या १२-हायड्रॉक्सीस्टिअरिक आम्लाचा लिथियम साबण तेलात तंतू बनवतो आणि तेलाला धरून ठेवतो. म्हणजे मुंबई-पुणे रस्त्यावरून मावळ ओलांडणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या चाकात छोट्या रेणूंचं जेल फिरत असतं. जपानमध्ये हेच आम्ल पावडरच्या रूपात घरगुती वापरासाठी विकलं जातं. तळणीच्या उरलेल्या गरम तेलात टाकायचं, तेल गार झालं की त्याची वडी होते आणि ती कचऱ्यात टाकता येते. लोणावळ्यातल्या भजी-वड्याच्या गाड्यांवर रोज किती तेल उरत असेल, याचा विचार करून पाहा.

अमिनो आम्लांचीही पहिली औद्योगिक उडी जपानमध्येच दिसते. अजिनोमोतो ही कंपनी ग्लुटामेटवर उभी राहिलेली. १९७०च्या दशकात तिथल्या संशोधकांनी ग्लुटामिक आम्लाला एक मेदाम्ल आणि दोन ब्युटिल अमाइन जोडून तेल घट्ट करणारा रेणू विकसित केला. डायब्युटिल लॉरॉइल ग्लुटामाइड या नावाने तो आजही काड्यांच्या स्वरूपातल्या सौंदर्यप्रसाधनांत असतो. घटकांची यादी वाचायची सवय असेल तर कधीतरी नजरेस पडेल.

म्हणजे उपयोग होता, पदार्थ होते. फक्त 'छोटा रेणू जेल का होतो आणि कोणता होईल' हा प्रश्न रसायनशास्त्राच्या मुख्य रस्त्यावर आलेला नव्हता. तेराश आणि वाइस यांनी १९९७ मध्ये केमिकल रिव्ह्यूजमध्ये सेंद्रिय द्रवांच्या अशा जेलकारकांचा मोठा आढावा घेतला आणि विखुरलेली माहिती पहिल्यांदा एका जागी आली. तुमच्यापैकी कोणी आढावालेखाला दुय्यम समजत असेल तर हा मुद्दा लक्षात ठेवा. कधीकधी क्षेत्राला क्षेत्र बनवतो तो आढावाच.

२००० : जुना रेणू, नवे डोळे

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातले फ्रेडरिक मेंगर आणि केव्हिन कॅरन यांनी २००० साली गोर्टनर-हॉफमन यांचा धागा पुन्हा उचलला. सिस्टीनच्या दोन्ही टोकांना वेगवेगळे सुगंधी गट लावून त्यांनी एकूण चौदा रेणू बनवले आणि कोणता पाणी धरतो ते तपासलं. त्यांतला सर्वोत्तम रेणू ०.२५ मिलिमोलर, म्हणजे साधारण ०.०१ टक्के प्रमाणात, अर्ध्या मिनिटाच्या आत पाणी घट्ट करत होता. आपला मघाचा हिशोब इथे लावा: एका रेणूमागे पाण्याचे सव्वादोन लाखांच्या आसपास रेणू.

पण या कामाचं खरं मोल आकड्यात नाही. त्यांनी प्रकाशीय आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, क्ष-किरण स्फटिकशास्त्र, प्रवाहमापन अशी अनेक साधनं एकाच जेलवर रोखली. चित्र स्पष्ट झालं. रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरतात, सुगंधी कड्या एकावर एक रचल्या जातात, त्यातून तंतू तयार होतात आणि तंतूंमधल्या सूक्ष्म पोकळ्यांत पाणी केशाकर्षणाने अडकून बसतं.

चौदांपैकी काही रेणू जेल न होता सरळ स्फटिक झाले, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. जेल आणि स्फटिक हे ग्रॅहम यांना वाटले तसे दोन परके वर्ग नसून सख्खे शेजारी आहेत, हे यातून दिसलं. स्फटिकात रेणू तिन्ही दिशांना शिस्तीत रचले जातात. जेलमध्ये ते एका दिशेने भराभर वाढतात, बाजूला वाढायचं राहून जातं. लांब साखळीचं जेल म्हणजे दोऱ्यात ओवलेली माळ समजा. छोट्या रेणूंचं जेल म्हणजे वारीतली रांग. कोणी कोणाला बांधलेलं नाही, तरी रांग मैलभर लांब असते आणि वेळ आली की मोडते, पुन्हा जुळते. म्हणूनच ही जेलं तापवली की द्रव होतात आणि गार केली की पुन्हा थिजतात.

एक समतोल इथे कळीचा आहे. रेणू द्रावकात फार विरघळणारा असेल तर नुसतं द्रावण मिळतं. फारच कमी विरघळणारा असेल तर साका खाली बसतो. जेल मिळतं ते या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात. एखादा मिथिल गट इकडचा तिकडे केला तरी रेणू पट्ट्याबाहेर जातो. त्यामुळे रचना कागदावर काढून 'हा जेल होणार' असं खात्रीने सांगणं आजही जमत नाही. बरेचसे जेलकारक अपघाताने सापडले आहेत, किंवा सापडलेल्या रेणूत थोडा थोडा बदल करून मिळालेले आहेत.

टोपी घातलेले पेप्टाइड

या अपघातांचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे एफमॉक गट. लुई कार्पिनो यांनी १९७० मध्ये तो आणला तो पूर्णपणे वेगळ्या कामासाठी. पेप्टाइड जोडताना अमिनो आम्लाचं नायट्रोजनचं टोक तात्पुरतं झाकून ठेवायची ती टोपी. काम झालं की टोपी काढायची. पेप्टाइड बनवणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेत एफमॉक लावलेली अमिनो आम्लं बाटल्यांत भरून ठेवलेली असतात.

ही टोपी सपाट, सुगंधी आणि पाण्याला टाळणारी आहे. म्हणजे तंतू रचायला अगदी सोयीची. लाटव्हियातल्या रिगा इथल्या संशोधकांनी १९९५ मध्ये एफमॉक-ल्युसिन-अ‍ॅस्पार्टिक आम्ल या जेमतेम दोन अमिनो आम्लांच्या रेणूचं जेल वापरून प्रतिजन शरीरात पोहोचवण्याचा प्रयोग छापला. त्याचाही बोलबाला लगेच झाला नाही.

दुसऱ्या बाजूने एक वेगळाच रस्ता येत होता. तेल अवीव विद्यापीठातले एहुद गाझित अल्झायमरच्या आजारात मेंदूत साठणाऱ्या तंतूंचा अभ्यास करत होते. त्या प्रथिनाचा गाभा शोधताना ते दोन फिनाइलअ‍ॅलनिनच्या जोडीपर्यंत पोहोचले. एवढी छोटी जोडीसुद्धा आपली आपण नॅनोनळ्या बनवते, हे त्यांनी आणि मेइटल रेखेस यांनी २००३ मध्ये सायन्स नियतकालिकात दाखवलं. मग २००६ मध्ये दोन गटांनी, तेल अवीवमध्ये गाझित आणि मँचेस्टरमध्ये राइन उलाइन, याच जोडीला एफमॉकची टोपी ठेवून पाण्याचं घट्ट जेल मिळवलं. या जेलमध्ये पेशी वाढवता येतात हे समोर आलं आणि विषयाने वेग घेतला.

इथे पद्धतीबद्दलची एक गोष्ट सांगते, कारण नवीन विद्यार्थ्याला तिचा उपयोग आहे. अशा रेणूंना पाण्यात विरघळवायला आधी पीएच वाढवतात आणि मग आम्ल घालून खाली आणतात. आम्ल थेंबाथेंबाने घातलं तर थेंब पडतो तिथे लगेच गुठळी होते, बाकी द्रव तसाच राहतो. दोन माणसांची जेलं सारखी येत नाहीत. लिव्हरपूलमधल्या डेव्ह अ‍ॅडम्स यांच्या गटाने २००९ मध्ये ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन वापरायला सुरुवात केली. हा पदार्थ पाण्यात सावकाश आम्ल सोडतो. टोफू लावायला तो वापरतातच. दुधात लिंबू पिळणं आणि विरजण लावून रात्रभर ठेवणं यात जो फरक, तोच इथे. जेल एकसारखं लागतं आणि प्रयोग पुन्हा करता येतो. या क्षेत्रात 'कोणता रेणू' इतकंच 'कसा लावला' यालाही महत्त्व आहे. म्हणून वहीत तापमान, ढवळण्याचा वेळ, कोणत्या क्रमाने काय घातलं, सगळं लिहा.

आणि हे सगळं फक्त शोधनिबंधांपुरतं राहिलेलं नाही. लॅनरिओटाइड हे आठ अमिनो आम्लांचं औषध अ‍ॅक्रोमेगाली या संप्रेरकाच्या आजारात दिलं जातं. ते पाण्यात स्वतःच नॅनोनळ्या रचून जेल होतं. त्वचेखाली दिलेलं हे जेल औषधाची साठवण म्हणून काम करतं आणि सर्वसाधारणपणे चार आठवड्यांतून एकदा टोचलं तरी चालतं. औषध आणि त्याला धरून ठेवणारं जाळं, दोन्ही एकच.

लोकलच्या टप्प्यातलं काम

परदेशी नावं वाचून हे सगळं लांबचं वाटू नये. लोणावळ्याहून साठेक किलोमीटरवर, पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिथे नव्वदच्या दशकात रघुनाथ माशेलकर आणि आशिष लेले यांच्याबरोबर शायनी वर्गीस या विद्यार्थिनीने अशा जेलांवर काम केलं, ज्यांच्या साखळीला ६-अमिनोकॅप्रॉइक आम्लाच्या फांद्या होत्या. हे नायलॉनच्या घरातलं अमिनो आम्ल. ही जेलं लांब साखळ्यांची, त्यामुळे आपल्या छोट्या रेणूंची चुलत भावंडं म्हणा. पण फांद्यांच्या टोकाशी चालणारा खेळ तोच: हायड्रोजन बंध आणि पाणी टाळण्याची वृत्ती यांचा समतोल. पुढे वर्गीस कॅलिफोर्निया विद्यापीठात, सॅन डिएगोला गेल्या. २०१२ मध्ये त्यांच्या गटाने, माशेलकर आणि लेले यांच्यासह, त्याच रेणूवर आधारलेली जेलं आम्लयुक्त पाण्यात काही सेकंदांत आपली आपण सांधली जातात आणि पीएच वाढवला की पुन्हा सुटी होतात, हे दाखवलं. पाषाणला सुरू झालेला प्रश्न दशकाहून जास्त काळ टिकला आणि एका नव्या देशात नवं उत्तर देऊन गेला.

त्याच परिसरात आयसर पुणे आहे. तिथल्या होसहुद्या गोपी यांच्या गटाने निसर्गातल्या नेहमीच्या अमिनो आम्लांऐवजी कणा थोडा लांब असलेली गॅमा अमिनो आम्लं वापरून छोटी पेप्टाइडं बनवली. ही पेप्टाइडं पाण्यातही आणि सेंद्रिय द्रावकातही जेल होतात, आणि त्यांच्यावर पेशी वाढवून पाहिल्याचं काम २०१७ मध्ये छापून आलं. म्हणजे मावळातून रोज लोकलने पुण्याला शिकायला जाणाऱ्या मुलामुलींना हा विषय हाताच्या अंतरावर आहे.

घाट, पाऊस आणि सांडलेलं तेल

आता आपल्या घाटाकडे येऊ, कारण या विषयातला एक न सुटलेला प्रश्न मला तिथे दिसतो.

२००१ मध्ये बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शंतनू भट्टाचार्य आणि तेव्हा संशोधन विद्यार्थिनी असलेल्या यमुना कृष्णन-घोष यांनी एक छोटा निबंध छापला. रेणू अगदी साधा: अ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल आणि त्याला जोडलेलं लॉरिक आम्ल, म्हणजे खोबरेल तेलात मुबलक असतं ते मेदाम्ल. तेल आणि पाणी एकत्र असताना हा रेणू फक्त तेलाला घट्ट करतो, पाण्याला हात लावत नाही. अशी निवड करणारा हा पहिला अहवाल होता आणि तेलगळतीवर याचा उपयोग होऊ शकेल, असं त्यांनी तेव्हाच सुचवलं होतं.

त्याच सुमारास, २००२ मध्ये, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. तेव्हापासून इंधन आणि रसायनांचे टँकर मावळातून अखंड धावत आहेत. १३ जून २०२३ रोजी लोणावळा-खंडाळ्यादरम्यान कुणे पुलावर टँकर उलटून पेटला, जळता द्रव पुलाखालच्या रस्त्यावर सांडला आणि माणसं गेली. मावळात राहणाऱ्याला ही तारीख विसरता येत नाही. सांडलेल्या द्रवाचं पुढे काय होतं, हा पुस्तकी प्रश्न इथे राहत नाही. लोणावळ्याला वर्षाला ४ हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. इंद्रायणी इथेच, कुरवंड्याजवळ उगम पावते. पावसाळ्यात रस्त्यावर डिझेल सांडलं की ते पाण्यावर पसरत गटारातून ओढ्याकडे निघतं. पाणी सोडून फक्त तेल धरणारा रेणू हवा, तो अशाच ठिकाणी.

मग तो अजून इथे का दिसत नाही? सुरुवातीच्या अशा प्रयोगांत जेलकारक विरघळवायला मिश्रण तापवावं लागे, किंवा तो दुसऱ्या द्रावकात विरघळवून घालावा लागे. प्रयोगशाळेत हे ठीक आहे. सांडलेलं इंधन तापवायचं कसं? २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये जॉर्ज जॉन यांच्या गटात स्वप्निल जाधव आणि सहकाऱ्यांनी शर्करेपासून बनवलेले असेच निवडक जेलकारक मांडले. त्याच वर्षी ७ ऑगस्टला मुंबईच्या समुद्रात एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं धडकून शेकडो टन तेल किनाऱ्यावर आणि खारफुटीत पसरलं होतं. पुढे तिरुवनंतपुरमच्या आयसरमध्ये काना सुरेशन यांच्या गटाने जेलकारक लाकडी लगद्याच्या कणांवर बसवला, म्हणजे कोरडे कण नुसते शिंपडता येतात आणि थिजलेलं तेल उचलून घेता येतं. शर्करेच्या रेणूंनी इथवर मजल मारली आहे. अमिनो आम्लांच्या रेणूंनाही हाच रस्ता चालायचा आहे.

मर्यादाही ओळखून असा. जेल झालेलं इंधन पसरत नाही, पण जळू शकतं. दुसऱ्या महायुद्धातलं नापाम म्हणजे घट्ट केलेलं पेट्रोलच होतं. मिथेनॉलसारखी पाण्यात मिसळून जाणारी रसायनं या पद्धतीने पाण्यातून वेगळी धरता येत नाहीत. आणि रस्त्यावर आज माती, वाळू, भुसा टाकतात त्यापेक्षा हा रेणू वेगाने, स्वस्तात आणि ओढ्यातल्या माशांना त्रास न देता काम करतो, हे दाखवावं लागेल. 'संभाव्य उपयोग : तेलगळती' हे वाक्य शेकडो शोधनिबंधांच्या शेवटी असतं. त्या वाक्यापासून घाटातल्या ओल्या रस्त्यापर्यंतचं अंतर मोजणं हासुद्धा संशोधनाचा विषय आहे.

तुमच्या वहीसाठी

एवढा इतिहास वाचल्यावर, संशोधन सुरू करताना उपयोगी पडतील अशा चार गोष्टी.

एक. 'चिकट झालं' असं लिहून थांबू नका. किती प्रमाणात, कोणत्या द्रावकात, किती वेळाने, तापवल्यावर काय झालं, हे चार आकडे लिहा. बाटली उलटी धरून पाहा. खाली ओघळलं नाही, तर पुढची पायरी प्रवाहमापनाची. उलट्या बाटलीची चाचणी ही फक्त सुरुवात आहे. पदार्थात घनाचा स्वभाव द्रवापेक्षा जास्त आहे, हे मोजूनच सांगावं लागतं.

दोन. संदर्भ शोधताना २००० सालाच्या मागे जा. १९२१चा एक छोटा निबंध वाचूनच मेंगर आणि कॅरन यांना काम सापडलं. जुन्या नियतकालिकांत 'थिजलं, स्फटिक मिळाले नाहीत' अशा ओळी अजूनही पडून आहेत.

तीन. दुसऱ्याच्या प्रयोगशाळेतली रोजची वस्तू नीट बघा. एफमॉक टोपी पंचवीस वर्षं सगळ्यांच्या कपाटात होती.

चार. मुलाखतीत 'यात नवीन काय?' असं विचारतीलच. रेणू नवीन आहे, हे उत्तर बहुतेक वेळा पुरत नाही. 'हा रेणू जेल होतो आणि याचा सख्खा भाऊ स्फटिक होतो, का?' असा प्रश्न तुमच्याकडे असेल तर समोरचे खुर्चीत पुढे सरकून बसतात.

आणि विषय शोधत असाल तर एक तयार प्रश्न इथेच ठेवते, कोणीही उचलावा: साध्या, स्वस्त अमिनो आम्लापासून बनलेली, कोरडी शिंपडता येणारी आणि जुलैच्या पावसात, लोणावळ्याच्या तापमानाला, पाण्यावरचं डिझेल मिनिटभरात थिजवणारी पावडर. माझ्या माहितीतली कोणतीही बाटली अजून ही परीक्षा पास झालेली नाही.